पुरणपोळीतील पाण्याचा हिशेब

पोळ्याच्या दिवशी विदर्भातील खेड्यांत बैलांना ओवाळून पुरणपोळी खाऊ घालतात, आणि त्यासाठी सकाळपासूनच घरोघरी हरभऱ्याची डाळ शिजत असते. या पोळीचे यश गुळापेक्षाही पाण्यावर अवलंबून असते, असे माझे ठाम मत आहे. डाळीत किती पाणी शिरले, गुळाने त्यातले किती बाहेर काढले आणि चुलीने किती उडवले, यावरच पोळी फुगणार की फुटणार हे ठरते.

डाळीच्या पेशी पेक्टिन नावाच्या पदार्थाने एकमेकींना चिकटलेल्या असतात. उकळत्या पाण्यात पेक्टिन विरघळते, पेशी सुट्या होतात आणि त्यांच्यातील पिष्टकण पाणी पिऊन फुगतात; मग दाणा बोटांत धरून दाबला की लोण्यासारखा पसरतो. विहिरीचे पाणी जड असेल, तर त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पेक्टिनला जखडून ठेवतात, म्हणून ‘या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही’ हे गावातील बायांचे म्हणणे रसायनशास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेला भाग, पसरलेला आहे. परंतु पाण्याचा खारेपणा आणि जडपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण मिठातील सोडियम पेक्टिनला तसे जखडत नाही. खाण्याच्या सोड्याने डाळ लवकर शिजते, पण सोडा जास्त झाला तर चव बिघडते आणि ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते; त्यापेक्षा डाळ चार तास भिजवणे केव्हाही चांगले.

गूळ घालायचा तो डाळ पूर्ण शिजल्यावरच. गुळात साखरेबरोबर थोडे कॅल्शियम आणि किंचित आम्लताही असते. शिवाय साखर पाणी स्वतःकडे ओढून धरते. त्यामुळे अर्ध्याकच्च्या डाळीत गूळ पडला, की पुढे कितीही वेळ शिजवली तरी तिच्यात कण राहतात, आणि लाटताना नेमके तेच कण पोळीला भोक पाडतात. शिजलेल्या डाळीवरचा कट निथळून घ्यावा, मात्र फेकू नये, कारण पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे आणि थोडी प्रथिने त्यातच उतरलेली असतात. त्याची आमटी होते.

गूळ पडताच घट्ट डाळ एकाएकी पातळ होते. गूळ विरघळताना डाळीतले पाणी बाहेर येते, आणि ते आता आटवावे लागते. आटत चाललेल्या पुरणात वाफेला सहज वाट मिळत नाही, म्हणून ती तळाशी साठून फटकन उडते आणि मनगट भाजते. लांब दांड्याचा डाव वापरायचा तो यासाठीच. पुरणात डाव उभा राहिला की भांडे उतरवतात, पण मी तो किंचित कलता असतानाच उतरवते, कारण थंड होताना पिष्टाचे रेणू पुन्हा जवळ येतात आणि पुरण आपोआप घट्ट होते. वेलची आणि जायफळ अगदी शेवटी घालावे. त्यांची सुगंधी तेले उष्णतेने उडून जातात.

कणीक बारीक चाळणीने चाळण्यामागेही कारण आहे. गव्हातील प्रथिनांपासून ग्लुटेनचे लवचिक जाळे तयार होते, आणि कोंड्याचे टोकदार कण ते जाळे तोडतात. सैल कणीक तेलाच्या हाताने खूप तिंबून तासभर झाकून ठेवली, की हे जाळे सैलावते आणि लाटलेली पोळी आक्रसत नाही. उंड्यात भरायचे पुरण कणकेइतकेच मऊ असावे. दोन्ही सारखे मऊ असले तर लाटण्याखाली सारखेच पसरतात, नाहीतर पुरण मधोमध राहते आणि कडा कोऱ्या राहतात.

तापल्या तव्यावर पोळीतील पाण्याची वाफ होते, वाफेचे आकारमान पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक असते, आणि भोक नसेल तर पोळी फुगते. पृष्ठभाग सुकून त्याचे तापमान 140 अंश सेल्सिअसच्या आसपास गेले, की प्रथिने आणि शर्करा यांच्यातील अभिक्रियेने खरपूस डाग पडतात.

दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, उरलेल्या पोळीचे आवरण वातड झालेले असते, परंतु साखरेने पाणी धरून ठेवल्यामुळे आतले पुरण मऊच राहते. अशी पोळी मंद तव्यावर तूप सोडून गरम केली, की आवरणातले आवळलेले पिष्ट पुन्हा सैल होते आणि पोळी पुन्हा लुसलुशीत लागते.