मिडी आणि ऑडिओ: दिसायला सारखे, आत वेगळेच

पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी चालू असताना एका मुलाने मला त्याच्या एकांकिकेचं पार्श्वसंगीत पाठवलं. फाइल उघडली, तर सारंगीच्या जागी पियानो! "दादा, मी सारंगीच लावली होती," तो म्हणाला. त्याने पाठवली होती मिडी फाइल, आणि मिडीत आवाज नसतोच.

ऑडिओ म्हणजे प्रत्यक्ष आवाज. सीडीच्या दर्जाला तो सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून साठवतात. मिडी म्हणजे भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीत लिहिलेली वही. कोणता स्वर, कधी, किती वेळ, किती जोराने, अशा सूचनाच त्यात असतात. ती वही वाजवणारी सारंगी त्याच्या लॅपटॉपवर होती, माझ्याकडे नव्हती.

ही गल्लत का होते, ते इतिहासात डोकावलं की कळतं. रोलँड या वाद्यकंपनीचे इकुतारो काकेहाशी आणि सिक्वेन्शियल या दुसऱ्या वाद्यकंपनीचे डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने १९८३मध्ये मिडी आलं, वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांना जोडता यावीत म्हणून. तेव्हाच्या घरगुती कॉम्प्युटरला आवाज साठवणं झेपत नव्हतं. त्यामुळे १९८९चं अटारी कॉम्प्युटरवरचं क्यूबेस हे संगीताचं सॉफ्टवेअर फक्त मिडी सांभाळायचं. वाद्यं बाहेर, गाणं टेपवर. १९९१चं प्रो टूल्स हे दुसरं सॉफ्टवेअर उलट बाजूने, आवाज ध्वनिमुद्रित करण्याच्या अंगाने वाढलं. पुढे क्यूबेसवाल्या स्टाइनबर्गने १९९६मध्ये व्हीएसटी, म्हणजे सॉफ्टवेअरला प्लगइन (छोटे जोड-प्रोग्रॅम) जोडायची पद्धत, आणली आणि १९९९च्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीत वाद्यंही प्लगइन होऊन कॉम्प्युटरच्या आत आली. बाहेरचं वाद्य डोळ्यांना दिसायचं, तोवर फरकही दिसत होता. आता मिडी आणि ऑडिओ, दोन्ही ट्रॅक एकाच खिडकीत, एकाखाली एक.

मला मिडी मनापासून आवडतं. गायिकेने ऐन वेळी काळी पाचऐवजी काळी चार पट्टी मागितली, तरी सगळी साथ क्षणात खाली येते, वाद्याचा पोत न बिघडता. मुद्रित ऑडिओ फार खाली-वर ओढला की आवाज चिरकतो किंवा जड होतो. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, मात्र मिडीत वेगळी काढावी लागते. पिचबेंडची, म्हणजे स्वर ओढायच्या सोयीची, मर्यादा बहुतेक ठिकाणी आधीपासून दोनच अर्धस्वरांवर ठेवलेली असते, म्हणजे सा वरून चार अर्धस्वर वरच्या शुद्ध ग पर्यंत ओढायचं तर ती आधी वाढवायला हवी.

त्या मुलाने रात्री सारंगीचा ट्रॅक बाउन्स करून, म्हणजे ऑडिओत उतरवून, वेव्ह फाइल पाठवली. मिनिटाला साधारण दहा एमबी, पण या वेळी सारंगीच वाजली. मिडी फाइलही मी त्याला जपून ठेवायला सांगितली. तालमीत प्रसंगाची लांबी अजून बदलत होती.