दारावरची कोरफड जगते, मग कुंडीतली का सडते?

दादरला आमच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंनी जूनमध्ये एकाच नर्सरीतून दोन कोरफडी आणल्या. एक दृष्ट लागू नये म्हणून काळ्या दोऱ्याने दारावर उलटी टांगली, दुसरी लाल माती भरलेल्या कुंडीत लावून खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवली. जुलैअखेरीस दारावरची कोरफड मातीपाण्याविनाही हिरवी होती. कुंडीतलीची खालची पानं मात्र पिवळट, पारदर्शक झाली होती आणि बोट लावताच पिचत होती. "घराला लागलेली दृष्ट हिने स्वतःवर घेतली रे," काकू म्हणाल्या.

दृष्टीचा यात काही संबंध नाही. दोन झाडांत फरक होता तो हवेचा. उलट्या कोरफडीच्या मुळांना चोवीस तास हवा मिळत होती, कुंडीतलीची मुळं गुदमरत होती.

टांगलेली कोरफड पाण्यावाचून कशी तगते, हे आधी सांगतो. बहुतेक झाडं दिवसा पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रं, उघडतात. कोरफड ती रात्री उघडते, कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा रंध्रं मिटून तो वापरते. त्यामुळे पाणी फार कमी उडतं. स्नेक प्लांट आणि पानफुटीचीही हीच रीत. पानफुटीची पानं सकाळी आंबट आणि दुपारनंतर बेचव लागतात, ही भारतात केलेली नोंद बेंजामिन हाइन या वनस्पतीशास्त्रज्ञाने 1815 साली प्रसिद्ध केली होती. अशा काटकसरी झाडाला आपण रोज पाणी घालतो, वर सांताक्रूझ वेधशाळेत एकट्या जुलैत सरासरी 800 मिलिमीटरहून जास्त पडणारा पाऊस!

मुळंही श्वसन करतात आणि त्यांना लागणारा ऑक्सिजन मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून येतो. 30 अंश तापमानाला एक लिटर हवेत सुमारे 270 मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, एक लिटर पाण्यात जेमतेम 7.5. शिवाय पाण्यातून तो हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजारपट सावकाश सरकतो. म्हणजे पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांचा श्वास कोंडला. ऑक्सिजन असताना ग्लुकोजच्या एका रेणूपासून साधारण 30 एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू, मिळतात, नसताना फक्त 2. पेशीतली आम्लता वाढते आणि पाणी आत घेणाऱ्या प्रथिनांच्या वाहिन्या बंद होतात. म्हणून चिखलात उभं असलेलं झाडही मान टाकतं, आणि आपण तहानलंय समजून आणखी पाणी घालतो.

आता माझ्या आवडीचा भाग. "तळाला खडी घाला, निचरा होईल" हा सल्ला घरोघरी मिळतो आणि तो चुकीचा आहे. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. ठिबकणं पूर्ण थांबलं की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल! केशाकर्षण, म्हणजे बारीक पोकळ्यांची पाणी धरून ठेवणारी ओढ, पाण्याचा ठरावीक उंचीचाच स्तंभ पेलू शकतं. स्पंज उभा केला की स्तंभाची उंची वाढते आणि जास्तीचं पाणी सुटतं. कुंडीतही तळाशी असाच एक चिंब थर उरतो. त्याची उंची मातीच्या कणांवर ठरते, कुंडीच्या आकारावर नाही. त्यामुळे तीच माती उथळ कुंडीत भरली तर त्यातला जास्त हिस्सा चिंब राहतो. मातीतल्या बारीक पोकळ्या पाण्याला घट्ट धरतात, खडीतल्या मोठ्या पोकळ्यांत ती ओढ नसते. म्हणून खडीलगतची माती पाण्याने पूर्ण भरेपर्यंत पाणी खडीत उतरतच नाही. दोन इंच खडी घातली की चिंब थर दोन इंच वर, मुळांपाशी येतो.

गुदमरलेल्या मुळांवर पिथियमसारखे बुरशीवजा सूक्ष्मजीव तुटून पडतात. त्यांचे पोहणारे बीजाणू ओल्या मातीतूनच पसरतात. सडवणारे जिवाणू पेक्टिन विरघळवणारी विकरं (एन्झाइम) सोडतात. पेरूची जेली ज्याच्यामुळे घट्ट होते तेच हे पेक्टिन, पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं. ते गेलं की पानाचा लगदा होतो आणि असं पान पुन्हा ताठ होत नाही, ते कापूनच टाकावं लागतं. सडीवरचा उपाय म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी दालचिनीची पूड वर कितीही भुरभुरवली तरी खाली मुळांना हवा मिळत नाही.

आम्ही काकूंची कोरफड उपटून मुळं धुतली. पांढरी, टणक मुळं चांगली. तपकिरी, आणि ओढल्यावर साल निघून आत दोरा उरेल ती मेलेली. स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने सगळं सडकं कापलं आणि झाड सावलीत पाच दिवस उघडं ठेवलं, जखम सुकेपर्यंत. मग मातीची कुंडी घेतली, कारण तिच्या भिंतींतूनही ओल उडते. निम्मी लाल माती, निम्मा जाड वाळू आणि विटांच्या चुऱ्याचा भाग. भोकावर फक्त एक खापराचा तुकडा, माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठी. खाली ताटली ठेवली नाही. बांबूची काडी तळापर्यंत खुपसून ती कोरडी निघाली तरच पाणी घालायचं, असं ठरलं.

कुंडी आता ग्रिलच्या आत, पावसाची झड पोचणार नाही अशा जागी आहे. पहिलं पाणी आठवड्याने.