किर्द आधी, खतावणी नंतर

सोयाबीनच्या हंगामात लातूरच्या मोंढ्यात गाड्यांची रांग लागली की आडतीवरचा मुनीम प्रत्येक वजन थेट खतावणीत चढवीत बसत नाही. माल काट्यावरून उतरेल त्या क्रमाने तो किर्दीत एकेक ओळ टिपतो आणि शेतकऱ्याला मोकळे करतो. कोणत्या खात्यावर काय जमा करायचे, ते काम गर्दी ओसरल्यावर होते. बहुतेक डेटाबेसही असेच चालतात. नोंद आधी लॉगमध्ये क्रमाने जाते आणि मूळ तक्त्यांची पाने सवडीने डिस्कवर उतरतात.

तरीही क्लायंटला, म्हणजे नोंद पाठवणाऱ्या प्रोग्रामला, थांबावे लागते, कारण ही किर्दीची ओळ खरोखर डिस्कवर उमटल्याखेरीज डेटाबेस होकार देत नाही. मिनिटाला 7,200 फेरे घेणाऱ्या डिस्कच्या एका फेऱ्याला सुमारे 8.3 मिलिसेकंद लागतात. मेमरीतील नोंद त्याच्या हजारो पट वेगाने होते, आणि फिरते भाग नसलेल्या एसएसडीने हे अंतर कमी केले असले तरी मिटवलेले नाही.

असिंक्रोनस पद्धतीत होकार आधी मिळतो आणि डिस्कवरचे लेखन मागाहून होते. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसमध्ये ‘सिंक्रोनस कमिट’ बंद केल्यास लॉग साधारणपणे दर 200 मिलिसेकंदांनी डिस्कवर जातो, आणि वीज गेलीच तर जास्तीत जास्त त्याच्या तिप्पट, म्हणजे सुमारे 600 मिलिसेकंदांतील व्यवहार हरवू शकतात. मात्र हरवतात ते किर्दीच्या शेपटाकडचे, आणि तेही अख्खे. अर्धवट खतावलेला व्यवहार मागे राहत नाही. शिवाय ही सवलत व्यवहारागणिक देता येते, त्यामुळे काट्यावरील आकड्यांसाठी ती घ्यावी आणि शेतकऱ्याच्या पट्टीची रक्कम लिहिताना घेऊ नये, असे माझे मत आहे.

दुसरी वाट अॅप्लिकेशनच्या बाजूची आहे. तेथे अॅप्लिकेशन नोंद आपल्याच मेमरीतील रांगेत टाकून पुढच्या कामाला लागते आणि वेगळा थ्रेड, म्हणजे त्याच अॅप्लिकेशनमध्ये समांतर चालणारा कामाचा धागा, ती डेटाबेसकडे पोहोचवतो. ही वाट सोपी दिसते, पण अधिक फसवी आहे, कारण अॅप्लिकेशनच बंद पडले तर डेटाबेस धडधाकट असूनही रांगेतील सगळे जाते. त्यातच रांगेला मर्यादा न घालण्याची चूक फार जण करतात. हमालांना उचलवेल त्याहून अधिक कट्टे दिवसभर उतरत राहिले, तर मोंढ्यातली जागा केव्हा तरी संपणारच. म्हणून रांग भरली की क्लायंटला थांबवावे किंवा स्पष्ट नकार द्यावा.

आणखी एक अडचण होकाराच्या नंतरची असते. डेटाबेसने नोंद नाकारली, तर पावती घेऊन गेलेल्या माणसाला ते कळवण्याची सोय आधीच करून ठेवावी लागते. उत्तर वाटेत हरवले असेल तर थ्रेड तीच नोंद पुन्हा पाठवतो, आणि मग एकाच मालाचे दोनदा वजन लागण्याची भीती असते. त्यासाठी रांगेत टाकतानाच प्रत्येक नोंदीला स्वतंत्र पावती क्रमांक द्यावा आणि तक्त्यात त्या रकान्यावर एकमेवतेची अट घालावी. तोच क्रमांक पुन्हा आला, तर डेटाबेस दुसरी नोंद घेत नाही.