डेस्कटॉपवरचा आयकॉन: विणलेला की टाचलेला?

मामांचं सोलापुरात नवी पेठेत चादरींचं दुकान आहे. तिथल्या कॉम्प्युटरवर विंडोज 11 चढेना आणि विंडोज 10 चा सपोर्ट तर 14 ऑक्टोबर 2025 लाच संपला, म्हणून मी त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकून दिली. आठवड्याभरात मामांचा फोन. "काय बे, ह्या पेनड्राइव्हचं चित्र स्क्रीनवरनं जातच नाही. डिलीट दाबून दाबून बोट दुखलं."

"मामा, काही दाबू नका, येतोच मी," म्हटलं. पोचेपर्यंत ते थांबले असते तर बरं झालं असतं. ते पुढे सांगतो.

डेस्कटॉपवर दोन जातीचे आयकॉन असतात आणि दिसायला ते सख्ख्या भावांसारखे. फरक सोलापूरकराला चादरीवरून लगेच कळेल. जेकार्ड मागावर काढलेली नक्षी धाग्यातच विणलेली असते, ती काढायची तर चादरच उसवावी लागेल. कोपऱ्यात टाचलेलं लेबल मात्र कात्रीने कापा, चादरीला धक्का नाही.

तुम्ही सेव्ह केलेलं बिल, फोटो, फोल्डर ही विणलेली नक्षी. डेस्कटॉप म्हणजे तुमच्या होम फोल्डरमधलंच (तुमच्या सगळ्या फायली जिथे राहतात ते) एक साधं फोल्डर, त्यातली फाइल पडद्यावर दिसते इतकंच. आयकॉन उडवला की फाइलच गेली. कॉम्प्युटर, होम, ट्रॅश, लावलेला पेनड्राइव्ह किंवा विंडोजचं जुनं पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) यांचे आयकॉन हे टाचलेलं लेबल. ती फाइल नव्हे, डेस्कटॉप ते चित्र स्वतःच दाखवतो. म्हणून त्याच्यावर डिलीट चालत नाही.

ओळखायचं कसं? फाइल मॅनेजर उघडून डेस्कटॉप नावाच्या फोल्डरमध्ये जा. तिथे जे दिसतं ते खरं. पडद्यावर आहे पण तिथे नाही, ते लेबल. मामांच्या पडद्यावर सात आयकॉन होते, फोल्डरमध्ये निघाले चार.

लेबल काढायची कात्री सेटिंगमध्ये असते. मिंटच्या सिनॅमनमध्ये (मामांकडे हाच डेस्कटॉप आहे) सिस्टिम सेटिंग्जमधलं डेस्कटॉप उघडा. कॉम्प्युटर, होम, ट्रॅश, माउंटेड ड्राइव्ह्ज (म्हणजे लावलेले पेनड्राइव्ह वगैरे), नेटवर्क, प्रत्येकाला वेगळं बटण आहे. मिंटचा दुसरा, हलका डेस्कटॉप एक्सएफसीई असेल तर डेस्कटॉप सेटिंग्जमधला आयकॉन्स टॅब. उबंटू या दुसऱ्या लिनक्समध्ये होम फोल्डरचं बटण सेटिंग्जमध्येच सापडतं. (उबंटू ज्यावर उभं आहे त्या ग्नोम डेस्कटॉपने 2018 च्या 3.28 आवृत्तीत डेस्कटॉपवरचे आयकॉनच काढून टाकले. उबंटू ते एक्स्टेन्शनने, म्हणजे वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमने, परत आणतं.) पेनड्राइव्हचा आयकॉन बंद केला तरी फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत तो असतोच.

आणि फाइल ठेवायची पण पडदा मोकळा हवा असेल तर? सिनॅमनच्या त्याच पानावर आयकॉन अजिबात न दाखवण्याचा पर्याय आहे. फायली फोल्डरमध्ये जशाच्या तशा राहतात. पाहुणे यायच्या आधी पसारा कपाटात कोंबतो, तसं.

या दोघांच्या मधे एक तिसराच बसतो: लाँचर. मेनूतून एखादा प्रोग्रॅम डेस्कटॉपवर आणला की डेस्कटॉप फोल्डरमध्ये खरोखरच एक छोटी मजकूर-फाइल तयार होते. तिच्यात प्रोग्रॅमचं नाव, कुठला आयकॉन दाखवायचा आणि काय चालवायचं एवढंच लिहिलेलं. म्हणजे आहे फाइल, पण काम लेबलचं. ती बिनधास्त उडवा, प्रोग्रॅम मेनूत तसाच राहतो. फक्त मिंटच्या मेनूत राइट-क्लिक करताना जपा, तिथे अनइन्स्टॉलही शेजारीच बसलेलं असतं.

आता मामा. डिलीटने आयकॉन जाईना, म्हणून त्यांनी पेनड्राइव्ह उघडला, कंट्रोल-ए मारलं आणि आतलं सगळं डिलीट केलं. "रिकामा झाला की जाईल की आपोआप!" आत काय होतं, तर डिझायनरने पाठवलेली नव्या चादरींची डिझाइनं. आयकॉन अर्थातच जागच्या जागी.

शिफ्ट दाबलं नव्हतं म्हणून वाचलो. शिफ्टसकट डिलीट केलं असतं तर फायली ट्रॅशमध्ये न जाता थेट गेल्या असत्या. इथे एक गंमत आहे: पेनड्राइव्हवरची फाइल डिलीट केली की ती कॉम्प्युटरच्या ट्रॅशमध्ये येत नाही, पेनड्राइव्हवरच एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाते. कंट्रोल-एच दाबल्यावर दिसलं: टिंब, ट्रॅश, मधे आडवी रेघ आणि 1000. हा 1000 म्हणजे मशीनवरच्या पहिल्या युजरचा नंबर. म्हणूनच पेनड्राइव्ह रिकामा दिसतो आणि जागा मात्र भरलेली दाखवतो. पेनड्राइव्ह काढला की ट्रॅशमधून त्या फायली नाहीशा होतात, परत लावला की परत हजर.

ट्रॅश उघडला, सगळं निवडलं, रिस्टोअर. डिझाइनं जागेवर.

मग मी सेटिंग उघडून विचारलं, काय काय घालवू? मामांनी कॉम्प्युटर आणि होम काढायला सांगितलं. पेनड्राइव्हचं बटण बंद करणार, तेवढ्यात माझा हात धरला. "ते राहू दे बे. लावलाय का काढलाय, कळायला तर पायजे."