यकृताच्या कर्करोगावरील अल्पछेदी उपचार : एकल आणि संयुक्त

यकृतातच उद्भवणाऱ्या कर्करोगांत हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा सर्वाधिक आढळतो. तो बहुधा सिरॉसिसने (यकृतात व्रण साचून ते कडक होण्याच्या विकाराने) आधीच खंगलेल्या यकृतात होतो. म्हणून गाठ मारायची आणि उरलेले यकृतही राखायचे, अशी दुहेरी कसरत असते. शस्त्रक्रिया वा प्रत्यारोपण जमण्यासारखे नसेल, तर सुईने किंवा नळीवाटे उपचार करतात.

सुईचा उपचार म्हणजे अ‍ॅब्लेशन. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर पाहत सुई त्वचेतून थेट गाठीत नेतात आणि रेडिओलहरींच्या (आरएफए) वा मायक्रोवेव्हच्या उष्णतेने गाठ जाळतात. ३ सेंमीपर्यंतच्या गाठीला बहुधा एवढे पुरते. त्याहून मोठ्या गाठीची कड जिवंत राहू शकते. शेजारून मोठी रक्तवाहिनी जात असेल, तर वाहते रक्त उष्णता पळवते आणि नेमका तिथेच रोग पुन्हा डोके वर काढतो.

नळीच्या उपचाराला टेस (टीएसीई) म्हणतात. निरोगी यकृताला सुमारे ७५ टक्के रक्त पोर्टल शिरेतून मिळते. गाठ मात्र जवळजवळ सर्वस्वी यकृत धमनीवर पोसते. जांघेतून किंवा मनगटातून नळी त्या धमनीच्या फांदीपर्यंत नेऊन लिपिओडॉल तेलात मिसळलेले केमोथेरपीचे औषध सोडतात, मग सूक्ष्म कणांनी ती फांदी बंद करतात. गाठ आक्रसते, पण क्वचितच पुरती मरते.

दोन्ही जोडण्यामागचा तर्क साधा आहे. आधी टेस केल्याने रक्तप्रवाह मंदावतो, उष्णता वाहून जात नाही आणि सुईने जळणारा भाग रुंदावतो. गाठीत साचलेले लिपिओडॉल सीटीवर पांढरे दिसते, त्यामुळे नेम धरणेही सोपे जाते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधील एका चाचणीत ७ सेंमीपर्यंतच्या गाठी असलेले १८९ रुग्ण होते. चार वर्षांनंतर जगण्याचे प्रमाण संयुक्त उपचारात ६१.८ टक्के, तर नुसत्या आरएफएत ४५ टक्के भरले. खरा लाभ ३ ते ५ सेंमीच्या गाठींत दिसतो. त्याहून लहान गाठीसाठी टेसचा जादा भार सहसा उगाच ठरतो.

कारण तो भार यकृतावरच पडतो. टेसनंतर ताप, पोटदुखी व मळमळ नेहमीची, आणि ती बहुधा काही दिवसांत ओसरते. बिलिरुबिन (कावीळ आणणारे रंगद्रव्य) वाढलेले, पोटात पाणी साचलेले, चाइल्ड-प्यू या यकृताची ताकद मोजणाऱ्या पद्धतीत सर्वांत खालच्या ‘सी’ गटातले यकृत मात्र दोन्ही उपचार एकत्र सोसू शकत नाही. तिथे गाठ कितीही सोयीची असली तरी डॉक्टर हात आखडता घेतात.