लिव्हर रायफलवाल्यांचा '१९६४ च्या आधीची की नंतरची' हा वाद: पार्श्वभूमी

मुंबईत लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल (चापाखालची दांडी खाली-वर करून पुढचं काडतूस भरायची) लायसन्सवर असलेले लोक मुळात थोडे, त्यातही बऱ्याच जणांकडे ती आजोबांकडून किंवा काकांकडून वारसाने आलेली, पण मत विचारलंत तर दोघांचं एकमत व्हायचं नाही. एक सांगणार अमेरिकन विंचेस्टर कंपनीच्या ९४ मॉडेलसारखी हलकी आणि सरळ रायफल पुन्हा झाली नाही, दुसरा सांगणार त्याची ९४ हलवली की आतून खडखडते आणि दर पावसाळ्यात बॉडीवर, म्हणजे नळीमागच्या यंत्राच्या धातूच्या घरावर, तांबूस डाग येतात. दोघंही खरंच बोलतायत, कारण नाव एक असलं तरी दोघांच्या हातातल्या वस्तू वेगळ्या वर्षांच्या आहेत, आणि आपल्याकडे रायफल बघताना वर्ष कोणी विचारतच नाही.

जुना इतिहास पटकन सांगतो. १८६० च्या दशकातल्या हेन्री रायफलीपासून सुरुवात, मग १८६६ आणि १८७३ ची मॉडेल्स, आणि १८९४ ला आली ती ९४, जिच्यासाठी पुढच्याच वर्षी बिनधुराच्या पावडरचं थर्टी-थर्टी काडतूस निघालं. वजन साधारण ३ किलो, बॉडी चपटी, झाडीत शंभर-सव्वाशे यार्डांवर रानडुकराला पुरेल एवढा जोर, शिकाऱ्याला आणखी काय पाहिजे. इंग्रजांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात .३०३ आणि .४५० बोअरच्या रायफलींवर बंदी घातली, कारण फौजेच्या बंदुकीत चालणारं काडतूस बाहेर लोकांच्या हाती नको होतं. अमेरिकन काडतुसं त्या भानगडीत नव्हती, म्हणून इथे एखाद्या घरात थर्टी-थर्टी किंवा .४०५ निघाली तर आश्चर्य वाटायला नको. हाच घोळ आजही लायसन्सच्या टेबलावर होतो, थर्टी-थर्टीची गोळी मापाने ७.६२ चीच आहे म्हणून कोणीतरी प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य माणसाला मनाई असलेलं माप, म्हणून मोकळा होतो, पण फौजेचा ७.६२ चा राउंड त्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतुसाच्या खोबणीत, बसतच नाही आणि नियम बघतो तो नेमकं हेच, की फौजेचं काडतूस त्यात भरून उडवता येतं का.

आता मुख्य गोष्ट, १९६४. त्या आधीच्या ९४ मध्ये बॉडी घडीव पोलादाच्या ठोकळ्यातून मिलिंग करून काढायचे, पिना भरीव, काडतूस वर उचलणारा लिफ्टर सुद्धा मशीन केलेला. कामगारांचा खर्च वाढत गेला, तुलनेने स्वस्तात बनणाऱ्या रायफली बाजारात होत्या, आणि कंपनीने एकाच वर्षात जवळजवळ सगळ्या मॉडेल्सवर कात्री चालवली. ९४ ला पत्र्याचा दाबून केलेला लिफ्टर आला, पोकळ पिना आल्या आणि बॉडीचा धातूच बदलला. कंपनीचं गणित समजू शकतं, तोट्यात कोण किती दिवस रायफल बनवणार, पण त्याच किमतीला लोकांच्या हातात जे दिलं ते बघून जुन्या गिऱ्हाइकांचा संताप झाला आणि तो बरोबरच होता असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेत तेव्हापासून 'प्री-६४' हा शब्द रूढ झाला आणि सेकंडहँड बाजारात जुन्या रायफलींचे भाव चढत गेले ते आजपर्यंत.

तक्रारींमध्ये मात्र फरक करायला हवा, सगळ्या एका मापाच्या नाहीत. ६४ नंतरची ९४ फुटते, धोक्याची आहे वगैरे जे बोललं जातं त्यात तथ्य नाही, गोळी उडताना मागून कुलूप लागण्याची पद्धत तीच राहिली होती आणि पत्र्याचा लिफ्टर सत्तरच्या दशकात सुधारला सुद्धा. खडखडणं कानाला वाईट लागतं, नेमात त्याने फरक पडत नाही. खरं दुखणं बॉडीच्या धातूचं. नेहमीचं ब्लूइंग, म्हणजे गंज टाळायला पोलाद काळं करायची प्रक्रिया, त्याच्यावर धरत नाही, म्हणून कारखान्यातच वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळा मुलामा चढवून काळेपणा आणला होता, आणि तो मुलामा एकदा उडाला की उडाला.

मुंबईत हा प्रश्न अमेरिकेपेक्षा फार मोठा होतो. समुद्राची हवा, चार महिने पाऊस, वरून निवडणूक आली की बऱ्याचदा रायफल पोलीस स्टेशनला जमा करायची, तिथे ती किती दिवस कशात गुंडाळून उभी राहील हे आपल्या हातात नाही. ६४ च्या आधीची रायफल गंजली तर चांगला कारागीर घासून परत ब्लू करून देतो, नळी आणि बॉडी एकसारख्या काळ्या होतात. नंतरची त्याच कारागिराकडे दिली तर नळी काळीभोर आणि बॉडी जांभळट-तांबूस होऊन परत येते, मग मालक कारागिराला शिव्या घालतो आणि कारागीर म्हणतो माल डुप्लिकेट आहे. दोघांचीही चूक नसते, त्या मिश्रधातूचा गुणच तसा आहे. अशी रायफल असेल तर तेलाचा हात रोज फिरवा आणि पॉलिशच्या नादी लागू नका, एवढंच करता येण्यासारखं आहे. बॉडीच्या खालचा सिरीयल नंबर बघा, २६ लाखांच्या आतला असेल तर जुनी, २७ लाखांच्या पुढचा असेल तर नवी.

मार्लिन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीची लिव्हर रायफल असलेले या वादात बाजूला बसून हसायचे. ९४ चं रिकामं खोकं सरळ वर उडतं, त्यामुळे वर दुर्बीण बसवायची अडचण, पण मार्लिनमध्ये ते बाजूने बाहेर पडतं, वरची बॉडी बंद आणि सपाट, त्यामुळे युद्धानंतर दुर्बिणी स्वस्त झाल्या तेव्हा १९४८ च्या ३३६ ने बराच बाजार खाल्ला. विंचेस्टरने खोकं तिरकं उडवण्याची सोय केली तोपर्यंत ऐंशीचं दशक उजाडलं होतं. त्याच दशकात मार्लिनवर आडवं बटण असलेली सेफ्टी आली, १९९२ ला ९४ वरही आली. तिकडच्या कोर्टकचेऱ्यांना घाबरून केलेलं काम ते, कारण सेफ्टी म्हणून घोडा अर्धाच चढवून ठेवायची पिढ्यानपिढ्यांची सवय लोकांना होतीच. जुने मालक त्या बटणावर अजून चिडतात, बटण दाबलेलंच राहिलं, सावज समोर असताना चाप ओढला आणि घोडा नुसताच टक करून पडला हा अनुभव विसरता येत नाही म्हणे.

पुढे मार्लिनची सुद्धा पाळी आली. २००७ च्या शेवटी एका मोठ्या बंदूक कंपनीने ती विकत घेतली, २०११ पर्यंत कनेक्टिकटचा कारखाना बंद करून सगळं न्यूयॉर्क राज्यात हलवलं. मशीन जुनी झिजलेली, ती चालवणारे हात मागेच राहिले, कारण कागदावरच्या ड्रॉइंगपेक्षा त्या माणसांच्या अंदाजावर काम चालायचं. मग नेम धरायच्या वाकड्या बसवलेल्या माश्या, लाकूड आणि धातूत फट, लिव्हर घासत चालणार अशा रायफली बाहेर पडल्या. २०२० ला ती मोठी कंपनी दिवाळ्यात गेली आणि मार्लिनचं नाव सुमारे ३ कोटी डॉलरला तिसऱ्याच कंपनीने घेतलं, त्यांची पहिली '१८९५' मॉडेलची रायफल डिसेंबर २०२१ ला आली, ३३६ मॉडेल यायला २०२३ उजाडलं, आणि कामाची बरीच तारीफ होतेय. विंचेस्टरचा अमेरिकेतला कारखाना २००६ लाच बंद पडला होता, २०१० पासून ९४ जपानमध्ये बनते, आणि फिनिशच्या बाबतीत ती चांगलीच आहे.

हे सगळं आपल्याकडचे लोक वाचतात आणि त्यावरून घरातल्या मार्लिनला नावं ठेवतात, ते मला पटत नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून खाजगी माणसाला बाहेरून हत्यार आणणं बंद झालं, त्याच्या आधीही परकीय चलनाची टंचाई होतीच. म्हणजे मुंबईत लायसन्सवर फिरणारी मार्लिन जवळपास नक्कीच जुन्या कारखान्याची, नळीवर बॉडीजवळ छोटा 'जेएम' शिक्का दिसेल. २०११ नंतरच्या मालाचा राग तिच्यावर काढण्यात अर्थ नाही.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार जवळपास संपली तेव्हाच या रायफलींचं मूळ काम गेलं होतं. २०१९ च्या दुरुस्तीने तीनाऐवजी दोनच हत्यारं ठेवायची मुभा राहिली, वर्षभरात तिसरं जमा करा किंवा विका, आणि ज्या घरात बारा बोअर बंदूक, .३१५ रायफल आणि लिव्हर अशा तीन होत्या तिथे बळी लिव्हरचाच जाणार हे उघड होतं. बारा बोअर आणि .३१५ ची काडतुसं देशात बनतात, थर्टी-थर्टीची बनत नाहीत. डीलरकडे जुना साठा असला तर नशीब, भाव तो सांगेल तो, आणि त्यातली काही इतकी जुनी की कॅप (काडतुसाच्या बुडाची ठिणगी देणारी टोपी) पेटेलच याची खात्री नाही. नळीतल्या मॅगझिनमुळे चपट्या टोकाचीच गोळी लागते, टोकदार घातली तर ती पुढच्या राउंडच्या कॅपला टेकते, म्हणजे हाताला लागेल ते भरायची सोय नाही. २००० च्या दशकात रबरासारखं मऊ टोक लावलेली खास टोकदार गोळी निघाली तिने तिकडे लिव्हरवाल्यांचा पल्ला वाढला, तो माल इथे सहज मिळण्यातला नाही. त्यामुळे मुंबईतला मालक त्याच्या रायफलीबद्दल जे ठामपणे सांगतो ते पुष्कळदा जुन्या डब्यातले मोजके राउंड मारून सांगतो, आणि एखादा फुसका निघाला की नाव रायफलीचं खराब होतं.