कसदार लेखन मातृभाषेतच होतं का?

‘कसदार साहित्य फक्त मातृभाषेतच लिहिता येतं’, असं फॉरवर्डमधून वर्षानुवर्षं फिरतंय. त्यामागची भाषेची ओढ मोलाचीच आहे, पण दावा टिकत नाही.

आयरिश लेखक-नाटककार सॅम्युअल बेकेट घ्या. जन्म १९०६चा, डब्लिनजवळचा. घरची भाषा इंग्रजी. फ्रेंच कादंबरीकार प्रूस्तवरचं समीक्षेचं पुस्तक (१९३१) इंग्रजीतच लिहिलं. पुढे ते पॅरिसला स्थायिक झाले आणि ‘वेटिंग फॉर गोदो’ हे नाटक आधी फ्रेंचमध्ये लिहिलं! ते छापलं गेलं १९५२मध्ये, इंग्रजी पुस्तक आलं १९५४मध्ये. आपण मूळ समजतो तो इंग्रजी मजकूर त्यांनी स्वतःच केलेला अनुवाद आहे.

पडताळायचं तर दोन्ही भाषांतल्या पहिल्या आवृत्तीची सालं जुळवून बघा. इंग्रजी प्रतीची सुरुवातीची पानंही चाळा. मूळ भाषा आणि अनुवादक यांची नोंद सहसा तिथेच असते.